पडद्यावरची पाटी आणि बरकतीचा गठ्ठा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणाची फसगत नको. मी ऑनलाइन ट्रेनिंगच्या परीक्षेत चार वेळा नापास झालेला माणूस आहे. पाचव्यांदा बसलो नाही. तरीसुद्धा लातूरच्या एका मोठ्या क्लासेसच्या गोडाऊनची चावी माझ्याच कमरेला होती, आणि शेवटी ती मी माझ्या हातानं दुसऱ्याच्या हातात दिली. मधे साडेतीन आठवडे तेवढी ती माझ्याकडून काढून घेतली होती. त्या साडेतीन आठवड्यांची ही हकीकत आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत. आमचं घराणं जिल्दसाजांचं, म्हणजे पुस्तकं बांधणाऱ्यांचं. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान. खळ, दाभण, पुठ्ठा आणि एक लोखंडी दाबयंत्र, एवढाच पसारा. लहानपणापासून शाळेची पुस्तकं हजारोंनी हाताळली, पण वाचली नाहीत, शिवली. अब्बा मोजायला बसले की एक म्हणायचे नाहीत. बरकत, दोन, तीन, चार, असं मोजायचे. धान्य मापणारी माणसंही आमच्याकडं पहिल्या मापाला असंच म्हणतात, कोणी बरकत म्हणतं, कोणी लाभ. पण अब्बांचं त्याच्या पुढं एक होतं. तो बरकतीचा नग ते बाजूला भिंतीशी ठेवायचे आणि सगळ्यात शेवटी हलवायचे. दुकान पुरतं रिकामं होऊ द्यायचं नाही, एवढाच त्यातला मुद्दा. माझ्या हाताला ती सवय लागली ती लागलीच.

भूकंप झाला त्या साली आमच्या दुकानाची भिंत वरपासून खालपर्यंत उकलली. माणसं वाचली, म्हणून आम्ही तक्रार केली नाही. किल्लारीकडं गावंच्या गावं बसली होती, तिथं आपल्या भिंतीचं काय सांगायचं? दुकान बंद, हात रिकामे. तेव्हा एका मदत संस्थेनं लातुरात गोडाऊन घेतलं आणि गठ्ठे बांधता येणारा माणूस म्हणून मला ठेवलं.

तिथं मी पहिल्यांदा ट्रेनिंग नावाची चीज बघितली. मुंबईहून एक साहेब आले. शाळेच्या हॉलमध्ये आम्हा चाळीस जणांना बसवलं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत फळ्यावर समजावलं. पावती कशी बघायची, यादीत नाव कसं शोधायचं, अंगठा कुठं घ्यायचा, कांबळ कोणाला आणि ताडपत्री कोणाला. साहेब माणूस गुणी होता, घसा बसेपर्यंत बोलला. आम्ही माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी दारात ट्रक लागला, समोर दोनशे माणसांची रांग, आणि चाळीस जणांपैकी एकालाही काही आठवेना. एकानं पावती न बघता ताडपत्री दिली, एकानं अंगठा घ्यायच्या जागी स्वतःचीच सही केली.

मी दुपारी दुकानात जाऊन पुठ्ठे आणले. मोठ्या अक्षरात, मला येतं तेवढं, लिहिलं आणि जिथं काम तिथं सुतळीनं टांगलं. कांबळांच्या ढिगावर, ‘आधी पावती बघा.’ यादीवाल्याच्या डोक्यावर, ‘गावाचं नाव विचारा, मग माणसाचं.’ दारात, ‘अंगठा घेतला का?’ पाट्या सात होत्या. माणूस ज्या जागी उभा, त्या जागेपुरतंच सांगायचं, पुढचं पुढच्या पाटीवर. तिसऱ्या दिवशी आरडाओरडा थांबला.

तिथंही मी कांबळांचा पहिला गठ्ठा भिंतीशी ठेवत होतो. एक दिवस यादी संपली, माल संपला, आणि औशाकडची एक म्हातारी आली. तिचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. घरातलं नाव सांगणारंच कोणी उरलं नव्हतं. मी बरकतीचा गठ्ठा सोडला आणि एक कांबळ तिच्या खांद्यावर टाकलं. रजिस्टरात अशा मालापुढं एक रकाना होता, ‘कारण’. मी लिहिलं, ‘थंडी.’

साहेबांनी बघितलं. “रशीद, हे काय कारण झालं?”

“मग काय लिहू साहेब? तिला थंडीच वाजून राहिली होती.”

साहेबांनी रजिस्टर पुढं ओढलं आणि खाली सही केली.

भूकंपानंतर काही वर्षांनी लातूरला दुसराच धक्का बसला, तो क्लासेसचा. गल्लीगल्लीत डॉक्टर-इंजिनियर करून देणाऱ्या पाट्या लागल्या. बिराजदार सर तेव्हा एका पत्र्याच्या खोलीत केमिस्ट्री शिकवायचे आणि नोट्स बांधायला माझ्या पुन्हा उघडलेल्या दुकानात आणायचे. पत्र्याची खोली तीन मजली झाली, नांदेडला शाखा निघाली, मुरुडला आणि शिरूर अनंतपाळला टेस्टची सेंटरं झाली. सर म्हणाले, “चाचा, दुकान पोरांवर सोपवा. माझं गोडाऊन सांभाळायला इमानदार माणूस पाहिजे.” मी चावी कमरेला बांधली.

बाहेरच्या माणसाला वाटतं क्लास म्हणजे फळा आणि मास्तर. पण क्लास चालतो गोडाऊनवर. हजारो पोरांच्या नोट्स, बॅगा, टी-शर्ट, उत्तरपत्रिका, आणि सगळ्यात नाजूक माल म्हणजे टेस्टचे पेपर. दर रविवारी सकाळी टेस्ट. शनिवारी दुपारी छापखान्यातून सीलबंद गठ्ठे यायचे आणि दिवस मावळायच्या आत सेंटरांच्या गाड्यांत बसवायचे. गठ्ठा कमी गेला तर पोरं कोरी बसतात. गठ्ठा हरवला तर पेपर फुटला म्हणून सगळ्या लातुरात बोभाटा, आणि क्लासचं नाव मातीत. म्हणून ती चावी म्हणजे नुसती चावी नव्हती.

गिऱ्हाईकंही नमुनेदार. रेणापूरकडचे एक गृहस्थ मुलाच्या नोट्स घ्यायला आले. मी कोरा संच पुढं केला. त्यांनी हात मागं घेतला. “हा नको. गेल्या साली जे पोरगं पहिलं आलं, त्यानं वाचलेला द्या. वापरलेला.”

“का हो?”

“नव्यावर कोणाचा भरोसा हाय? त्याच्यावर एकजण पास झालाय की.”

त्यांना समजावता समजावता माझा चहा निवला.

अशात क्लासेसनं पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं. माल आला, गेला, कोणाला दिला, सगळं कॉम्प्युटरवर. सरांनी फर्मान काढलं, की प्रत्येकानं ऑनलाइन ट्रेनिंग घ्यायचं, परीक्षा पास व्हायची, मगच लॉगिन. आणि लॉगिन नसेल त्याच्याकडं चावी नाही. तोवर मला महिनाभराचं कच्चं लॉगिन दिलं.

ऑनलाइन ट्रेनिंग म्हणजे अकरा व्हिडिओ. प्रत्येकात तोच टायवाला माणूस. “नमस्कार, या मॉड्यूलमध्ये आपण पाहणार आहोत…” त्याच्या मागं गोडाऊनचं चित्र, खाली पांढऱ्या फरश्या, मधोमध एक पिवळी गाडी स्वतः माल उचलून राहिली. आमच्या गोडाऊनमधली पिवळी गाडी म्हणजे मी. व्हिडिओ पळवता येत नव्हता. एकदा मी तो चालू ठेवून चहाला गेलो, तर परत येईपर्यंत त्यानं मला गैरहजर धरून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी परीक्षा. पहिलाच प्रश्न, ‘इन्व्हेंटरी रिकन्सिलिएशन म्हणजे काय?’ मी चार उत्तरांतलं सगळ्यात लांब दिसलं ते दाबलं. चार वेळा दाबलं. चार वेळा लाल फुली.

ऑफिसातल्या सुनंदाबाई पहिल्या फटक्यात पास. बाई हुशार. घरचं आवरता आवरता फोनवर व्हिडिओ ऐकायच्या. नांदेड शाखेचे गोडाऊनवाले हरपालसिंग तर सगळ्यांत पहिले आले. हरपालसिंगांचं घर पिढ्यान्‌पिढ्या नांदेडचं, गुरुद्वाऱ्याजवळचं, बोलणं निम्मं मराठी निम्मं दखनी. त्यांनी सर्टिफिकेट चौकटीत बसवून भिंतीला लावलं. आणि आठ दिवसांनी मला फोन.

“रशीदभाई, वो माल पाठवायचं बटन किधर हाय?”

“मला काय विचारता? पहिले तुम्ही आलात.”

“मैं कहाँ आया भाई? परीक्षा सूनबाईनं दिली. सर्टिफिकेट मेरा हाय, अकल उसकी.”

मी पोट धरून हसलो. आणि मनात म्हटलं, बघा, म्हणजे हे ट्रेनिंग काही कामाचं नाही. हे माझं मत मी क्लासभर सांगत फिरलो. माझं तोंड तसं बंद राहत नाही.

मग तो शनिवार आला. आधीच्या काळी छापखान्याला गठ्ठे मी तोंडानं सांगायचो. सव्वीस लागत असले तर सत्तावीस सांगायचो. जास्तीचा तो बरकतीचा. सरांना माहीत होतं, छापखान्याला माहीत होतं, कोणी कधी विचारलं नाही. आता मागणी सॉफ्टवेअरच परस्पर पाठवायचं. त्यानं हजेरी मोजली आणि बरोब्बर सव्वीस मागवले. आणि माझ्या हातानं काय केलं? गठ्ठे उतरवताना, “बरकत, दोन, तीन,” करत पहिला उचलून भिंतीशी ठेवला.

एरवी मी गाडीगणिक मोठ्यानं मोजत माल चढवायचो. पण टायवाल्यानं बजावून सांगितलं होतं, ‘सिस्टीम मोजते, तुम्ही मोजू नका.’ जन्मात कोणाचं न ऐकणारा मी, त्या एका दिवशी ऐकलं. नांदेडची गाडी गेली, मुरुडची गेली. शेवटी शिरूर अनंतपाळची जीप. तिच्यात उरलेला माल ठेवला, बटण दाबलं, पडद्यावर हिरवी बरोबरची खूण आली. मी सगळीकडं नजर फिरवली. गोडाऊन साफ, भिंतीशी एक गठ्ठा. माझ्या डोळ्याला वर्षानुवर्षं हेच दिसत आलेलं. हे दिसलं म्हणजे सगळं ठीक. शटर ओढलं आणि घरी गेलो.

रविवारी सकाळी शिरूरहून फोन. “चाचा, चिठ्ठीवर गठ्ठे दोन हायत, आलाय एकच. निम्मा हॉल कोरा बसलाय.”

सर धावत आले. पडदा उघडला तर तिथं हिरवी खूण, दोन पाठवले, दोन. सरांचा चेहरा पांढरा. पेपर वाटेत कुठं गेला? कोणाच्या हातात गेला? मी मात्र त्याच क्षणी समजलो. शटर वर केलं. गठ्ठा भिंतीशी, सील जागच्या जागी, कोणाचं बोट लागलेलं नाही. जीप पळवली. शिरूरला पोचायला सव्वा तास. पोरांनी टेस्ट दुपारपर्यंत दिली.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, “चाचा, तुमच्या इमानदारीवर माझा शक नाही. पण चावी सुनंदाबाईंकडं द्या. परीक्षा पास व्हा, परत घ्या. नाहीतर गेटवर बसा, बॅगा वाटा. तुमचा मान कमी होणार नाही.”

मान कमी होणार नाही म्हणे! मी कमरेची चावी सोडली तर कंबर हलकी लागेना, उलट भारी लागली. सुनंदाबाई घेईनात. “चाचा, मला नको. मी फक्त व्हिडिओ बघितलेत, मला गठ्ठा उचलता येत नाही.” मी चावी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि गेटवर जाऊन बसलो. बॅगा वाटल्या. नातलगांना सांगितलं की पाय दुखतात म्हणून बसायचं काम मागून घेतलं.

चूक कुठं झाली ते बघायला पुण्याहून कंपनीची मुलगी आली, केतकी मॅडम. मला वाटलं, ही आता अकराव्या व्हिडिओपुढं बारावा दाखवणार. ती सरांच्या केबिनमध्ये बसलीच नाही. सरळ गेटवर आली. “चाचा, त्या शनिवारी तुम्ही काय काय केलंत ते मला दाखवा. सांगू नका, दाखवा.”

ते ‘दाखवा’ ऐकून मी उठलो. तीन दिवस ती गोडाऊनमध्ये गठ्ठ्यावर बसून होती. बरकतीचं सांगितलं तर हसली नाही, लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिची नजर भिंतीवर गेली. भूकंपाच्या दिवसांतली सवय, मी इथंही पुठ्ठ्याच्या पाट्या टांगल्या होत्या. ‘सील बघा, मग उचला.’ ‘गाडी कुठं चाललीय ते ड्रायव्हरला विचारा, स्वतः ठरवू नका.’

ती एकेक वाचत गेली आणि कपाळाला हात लावला. “चाचा, हे तर आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे!”

“माझ्या पाट्या?”

“अशाच. त्याला इन-अ‍ॅप गाइड म्हणतात. माणूस काम करत असताना पडद्यावरच छोटी चौकट उघडते. आता इथं दाबा, आता हे भरा. एक झालं की पुढचं. तुमच्याकडं ते चालूच केलं नव्हतं. सगळ्यांना नुसते व्हिडिओ पाठवले.”

मी म्हटलं, “म्हणजे साहेब शाळेत बोलत बसले, आणि पाट्या तुम्ही कपाटात ठेवल्या.”

“काय?”

मग मी तिला कांबळांची गोष्ट सांगितली. म्हातारीची आणि त्या ‘कारण’ रकान्याचीही. सुनंदाबाई तिथंच उभ्या राहून ऐकत होत्या.

पाट्या लिहायला आम्ही बसलो तेव्हा खरी लढाई झाली. तिनं पहिली लिहिली, ‘कृपया प्रेषणाचा तपशील पडताळावा.’

“हे कोणासाठी हाय?”

“तुमच्यासाठी.”

“मला कळलं न्हाई म्हणजे माझ्यासाठी न्हाई. लिव्ह, गाडी कुठं चाललीय ते बघा.”

“इतकं साधं?”

“बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवून राहिला, बेटा. साधंच वाचता येतं.”

अशा एकोणीस पाट्या झाल्या. एका पाटीसाठी मी हटून बसलो. छापखान्याला मागणी जायच्या आधी चौकट यायला पाहिजे, ‘बरकतीचा गठ्ठा धरलात का?’ तिचं म्हणणं, सॉफ्टवेअरला राखीव कळतं, बरकत कळत नाही. मी म्हटलं, “त्याला कळंना का. हात माझा हाय, हाताला कळतंय ना?” तिनं पुण्याला फोन केला, बराच वेळ भांडली, आणि पाटी लागली. आणखी एक मी सांगून बसवली. बरकतीचा गठ्ठा कोणी हलवला, तर कारण लिहिल्याबिगर पुढं जाऊ द्यायचं नाही.

“कशाला चाचा? तुम्हालाच त्रास.”

“त्रास झाला पाहिजे. उठसूट बरकत हलली तर ती बरकत कसली?”

सरांनी अट घातली. पुढची मोठी टेस्ट, सगळी सेंटरं, गोडाऊन चाचांनी पाट्यांवर चालवायचं. प्रत्येक गठ्ठा बिनबोभाट पोचला तर परीक्षा माफ, चावी परत. एक जरी चुकला तर गेट कायमचं. सुनंदाबाईंनी बाजूला बसायचं, पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

छापखान्याला मागणी जाताना ‘बरकतीचा गठ्ठा धरलात का?’ विचारलं, तिथं मी हो दाबलं होतं. शनिवारी दुपारी चष्मा पुसून बसलो. चौकट उघडली. ‘गठ्ठे मोजा, मोठ्यानं.’ ही पाटीही माझीच. बरकत, दोन, तीन करत सत्तावीस मोजले. बरकत भिंतीशी गेली. एक पाटी झाली की दुसरी, बोट धरून नेल्यासारखं. मुरुडची गाडी गेली, शिरूरची गेली, शिरूरचे दोन गठ्ठे तर मी हात लावून दोनदा बघितले. मिशीवर ताव द्यायचा बाकी होता.

आणि नांदेडच्या गाडीला चौकट अडकली. ‘इथं दाबा,’ म्हणून बाण दाखवून राहिली, आणि बाणापुढं काहीच नाही. कोरी पांढरी जागा. मी पांढऱ्या जागेवर दाबलं. पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. बाहेर ड्रायव्हर ओरडला, “चाचा, नांदेडला दिवस असतानी पोचायचंय!” मला घाम सुटला. सुनंदाबाई शेजारी बसलेल्या, ओठ घट्ट मिटून. त्यांना विचारावं तर आठवडे मी बोलत आलेलो, की व्हिडिओ बघून काय होतं. न विचारावं तर नऊ गठ्ठे दारात.

बरं, तो अहंकार गिळायला मला किती वेळ लागला ते लिहीत नाही.

“बाई, बघता का जरा?”

त्या वाटच बघत होत्या. पडद्याकडं एकदा बघितलं. “चाचा, पाटी चुकलीय, काम नाही चुकलं. कंपनीनं सकाळी काहीतरी बदललंय, बटण जागा सोडून गेलंय. आपण काय करून राहिलो? गाडीच्या नावानं माल बांधून राहिलो. म्हणजे आधी गाडी निवडायची, मगच कॉम्प्युटर पाठवू देतो. ते गाडीचं बटण बघा, वरच्या रांगेत गेलंय.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“तिसऱ्या व्हिडिओत आहे. का करायचं ते त्या टायवाल्यानं सांगितलं होतं.”

वरच्या रांगेत दाबलं. नांदेडची गाडी हलली.

रविवारी सकाळी मुरुडहून फोन, बरोबर. शिरूरहून, बरोबर. नांदेडहून हरपालसिंग. “रशीदभाई, नऊ के नऊ! और सुनो, वो पाट्या मेरेकोभी लगाके द्या. सूनबाई माहेरी गेलीय.”

सरांनी चावी परत दिली. मी ती घेतली, आणि घेताना सुनंदाबाईंकडं बघायला मला जड गेलं. सरांना मी म्हटलं, “पाट्यांनी हात धरला, पण वाट बाईंनी दाखवली. हे लिहून ठेवा कुठंतरी.”

नंतर ते अकराही व्हिडिओ मी बघितले, कोणी न सांगता, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, बाईंना मधे मधे विचारत. टायवाला माणूस वाईट नव्हता. मला एवढं कळलं की पाटी सांगते काय करायचं, आणि तो सांगत होता का करायचं. काम चालू असताना पाटीच पाहिजे, यावर मी आजही अडून आहे. पण पाटी चुकते त्या दिवशी ज्याला ‘का’ माहीत आहे तोच गाडी हलवतो. हे मला त्या मुंबईच्या साहेबांच्या बाबतीत कळलं नव्हतं. त्यांच्या दिवसभराच्या बोलण्याची मी वर्षानुवर्षं थट्टा केली. आता वाटतं, सात पाट्यांवर काय लिहायचं ते मला सुचलं कुठून? त्यांच्याच बोलण्यातून की. भेटले तर सांगेन. परीक्षेला मात्र पुन्हा बसलो नाही. ते नाहीच.

पुढं दोन-तीन वर्षांनी गुडघ्यांनी जवाब दिला, तेव्हा मी सरांकडं गेलो आणि म्हटलं, चावी कोणाला द्यायची ते मी ठरवणार. सर हसले. “माहीत आहे मला.” रविवारचा दिवस निवडला, टेस्टचा. एप्रिल महिना, लातूरचं ऊन, पत्र्याला हात लावला तर फोड येईल. मी सुनंदाबाईंच्या हातात चावी ठेवली. ह्या वेळी त्यांनी घेतली.

तेवढ्यात हॉलकडून निरोप आला. शिरूर अनंतपाळकडची एक मुलगी आलीय. शुक्रवारी प्रवेश झाला, नाव अजून यादीत चढलेलं नाही, आणि तिच्या वाट्याचा पेपर कुठल्याच गठ्ठ्यात नाही. मुलगी दारात उभी, घामाघूम, हातात प्रवेशाची पावती, डोळे भरलेले. माझी नजर भिंतीकडं गेली. सुनंदाबाईंची माझ्या आधी गेली होती. त्यांनी गठ्ठा उचलला, सील तोडलं, पेपर मुलीच्या हातात दिला आणि तिला हॉलकडं पिटाळलं. मग कॉम्प्युटरपुढं बसल्या. चौकट उघडली. ‘बरकत हलवताय. कारण लिहा.’

त्यांनी माझ्याकडं बघितलं. “चाचा, काय लिहू?”

“चावी तुमच्याकडं हाय. कारण बी तुम्हीच लिहा.”

त्यांनी टाइप केलं. मी चष्मा चढवून वाचलं. मग आम्ही दोघंही हसत बसलो.

दोन दिवसांनी मला पुण्याहून केतकी मॅडमचा फोन आला. “चाचा, तुमच्या गोडाऊनची नोंद तपासत होते. राखीव पेपर दिल्याचं कारण ‘थंडी’ लिहिलंय. लातुरात? एप्रिलमध्ये?”

मी म्हटलं, “हाव. वाजते कधी कधी.”